वंशवादाचा जन्मदाखला

१६४० सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या कोर्टापुढे तीन पळपुटे नोकर उभे होते. तिघांचा मालक एकच, ह्यू ग्विन. तिघंही पळून शेजारच्या मेरिलँडमध्ये गेले आणि तिथेच पकडले गेले. कोर्टाने तिघांनाही तीस-तीस फटके ठोठावले. इथवर सगळं सारखं होतं. त्यापुढे निकालाला फाटे फुटले. व्हिक्टर हा डच आणि जेम्स ग्रेगरी हा स्कॉटिश, या दोघांची चाकरी चार-चार वर्षांनी वाढली. तिसऱ्याचं नाव जॉन पंच. तो आफ्रिकी होता. त्याने उरलेलं सारं आयुष्य मालकाच्या चाकरीत काढावं, असा हुकूम झाला. गुन्हा एकच, शिक्षेत मात्र चार वर्षं आणि अख्खा जन्म एवढं अंतर.

याला वंशवाद म्हणायचं का? वाचणारा चटकन ‘हो’ म्हणेल. इतिहासकार जरा थांबतो. १६४० मध्ये व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदा झालेलाच नव्हता. त्याच वसाहतीत अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस मालकाच्या चाकरीतून मोकळा झाला होता, १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन लागली आणि त्याच्या पदरी नोकरमाणसंही होती. एकाला मरेपर्यंत चाकरी आणि दुसऱ्याला जमीनजुमला, हे एकाच समाजात एकाच काळात कसं घडलं? या कोड्यावर अमेरिकेतले इतिहासकार पाऊण शतक भांडत आले आहेत. वंशवाद कशाला म्हणावं आणि त्याचा आरंभ कसा शोधावा, याची पद्धत बरीचशी या भांडणातूनच घडली.

आधी व्याख्येचा प्रश्न. परक्याविषयी संशय, शेजारच्या मुलखातल्या लोकांची टिंगल, दुसऱ्या धर्माचा राग हे जगात सगळीकडे आणि सगळ्या काळात सापडतं. या सगळ्याला वंशवाद म्हटलं, तर रोमन साम्राज्यातला उपहास आणि हिटलरच्या छळछावण्या एकाच रांगेत बसतात आणि काहीच कळेनासं होतं. अमेरिकन इतिहासकार जॉर्ज फ्रेडरिक्सन यांनी २००२ मध्ये वंशवादाचा छोटेखानी इतिहास लिहिताना दोन खुणा सांगितल्या. पहिली, समोरच्या गटाचं वेगळेपण जन्माने आलेलं आणि कधीही न पुसता येणारं आहे, अशी धारणा. दुसरी, त्या धारणेच्या जोरावर एका गटाने दुसऱ्यावर सत्ता गाजवणं. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या पाहिजेत. धर्म बदलून, भाषा शिकून किंवा शौर्य गाजवून माणसाला सुटकेचं दार उघडत असेल, तर तो छळ असेल, अन्याय असेल, पण वंशवाद म्हणता येणार नाही. ते दार बंद कधी झालं, हे इतिहासकार शोधत असतात.

ही कसोटी महाराष्ट्राच्याच इतिहासाला लावून पाहता येते. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला मुलगा. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनला पोचला. पुढे मोकळा होऊन त्याने स्वतःची फौज उभी केली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी. तिथली नहर आणि त्याने घालून दिलेली जमीनमहसुलाची पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याची मुलगी निजामशहाला दिली होती. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या जागी त्याचा मुलगा फतेहखान आला.

त्याच्या रंगावरून त्याला कुणी हिणवलं नाही, असं मात्र नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगाचा उल्लेख करून त्याला शिव्याशाप दिले आहेत. जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने काढलेलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतो आहे, असा त्यातला देखावा. प्रत्यक्षात मुघल फौजांना अंबर कधीच पुरता हाती लागला नाही. म्हणजे रंगावरून हिणवणं होतं, रागही होता. पण काळ्या माणसाने मोकळं होऊ नये, सेनापती होऊ नये, त्याची मुलंबाळं जन्मतःच गुलाम ठरावीत, असा कायदा दख्खनमध्ये नव्हता. रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासावरच्या ग्रंथात अंबरवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. इथल्या हबशी गुलामाचा धनी संकटात सापडला किंवा वारला, की तो गुलाम स्वतःच्या बळावर सरदार होऊ शकत असे, हे त्यातून दिसतं. तिरस्कार असूनही दार उघडं राहू शकतं, याचं याहून ठळक उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

प्राचीन काळाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाचे फ्रँक स्नोडेन यांनी ग्रीक आणि रोमन ग्रंथ, नाणी, मातीची भांडी आणि मूर्ती तपासून दाखवलं, की त्या लोकांना काळा रंग दिसत होता, पण त्यावर समाजाची उतरंड उभी नव्हती. गुलाम कोणत्याही रंगाचे असत. बेंजामिन आयझॅक यांनी २००४ मध्ये याला हरकत घेतली. थंड हवेचे लोक शूर पण मंद, उष्ण हवेचे हुशार पण भित्रे, आणि हे गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, असं ग्रीक लेखक लिहीत होते. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, असं ॲरिस्टॉटल मांडत होता. आयझॅक याला वंशवादाचं आद्य रूप म्हणतात. मध्ययुगाबद्दल जेराल्डीन हेंग यांनी २०१८ मध्ये असाच आक्षेप नोंदवला. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने ज्यू आणि मुस्लिमांना वेगळा पोशाख सक्तीचा केला. इंग्लंडने ज्यूंच्या कपड्यांवर बिल्ला लावला आणि १२९० मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. हेंग विचारतात, हा वंशवाद नसेल तर काय आहे?

दार बंद होताना कागदावर अगदी स्पष्ट दिसतं, ते स्पेनमधल्या टोलेडो शहरात. १४४९ मध्ये राजाच्या वतीने मागितलेल्या मोठ्या रकमेवरून तिथे दंगल उसळली. करवसुलीशी संबंध असलेल्या, ज्यू घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांवर जमावाने राग काढला. पेद्रो सार्मिएन्तोच्या नेतृत्वाखाली बंडखोरांनी फर्मान काढलं, की ज्यू वंशाच्या कुणालाही, मग तो कितीही श्रद्धाळू ख्रिस्ती असो, शहरात अधिकाराचं पद मिळणार नाही. त्याच वर्षी पोप निकोलस पाचवे यांनी याचा निषेध केला, कारण बाप्तिस्मा झाला की सगळे ख्रिस्ती सारखे, ही चर्चची शिकवण होती. तरीही पुढच्या शंभर वर्षांत मठ, विद्यापीठं आणि लष्करी पंथ यांनी ‘रक्तशुद्धी’चे नियम एकामागून एक स्वीकारले. वंशावळी तपासणं हा मोठा उद्योग झाला.

त्याची झळ गोव्यापर्यंत आली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट एके काळी त्याच्याकडे पट्ट्याने होतं. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पुढे पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आलं आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडं उकरून जाळण्यात आली. आरोप गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा होता, म्हणजे कागदोपत्री गुन्हा श्रद्धेचा. पण संशयाची सुई कुणाकडे वळायची, ते जन्मावरून ठरत होतं. हा धर्मछळ की वंशवाद, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. फ्रेडरिक्सन यांच्या मते धर्मद्वेषाकडून वंशद्वेषाकडे जाणारा हा पूल आहे. जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालने कायद्याने रद्द केला तो थेट १७७३ मध्ये.

आता पुन्हा व्हर्जिनियाकडे, कारण वादाचं मूळ तिथे आहे. त्रिनिदादचे इतिहासकार एरिक विल्यम्स, जे पुढे स्वतंत्र त्रिनिदाद-टोबॅगोचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांनी १९४४ मध्ये ठाम भूमिका मांडली, की आधी गुलामगिरी आली आणि वंशवाद तिच्या पोटी जन्मला. ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. मूळ रहिवाशांना जुंपून झालं, गरीब गोऱ्यांना जुंपून झालं, शेवटी आफ्रिकेतली माणसं सर्वांत स्वस्त पडली. रंगाचं तत्त्वज्ञान नंतर रचलं गेलं. याच्या उलट विन्थ्रॉप जॉर्डन यांनी १९६८ मध्ये इंग्रजांची प्रवासवर्णनं, नाटकं आणि धार्मिक लेखन पालथं घालून दाखवलं, की मळे उभे राहण्याआधीच इंग्रजांच्या मनात काळा रंग म्हणजे पाप, घाण आणि अमंगळ असं समीकरण होतं. बी आधीच होतं, गुलामगिरीने त्याला खतपाणी मिळालं.

या वादाचा निवाडा करायला इतिहासकारांनी कायद्यांचे जुने कागद तारखेनिशी लावले, आणि त्यातून जे दिसतं ते अंगावर काटा आणणारं आहे. एलिझाबेथ की ही आफ्रिकी आई आणि इंग्रज बाप यांची मुलगी. तिला गुलाम ठरवलं गेलं, तेव्हा तिने कोर्टात दाद मागितली. तिचं म्हणणं दोन मुद्द्यांवर उभं होतं. बाप मोकळा इंग्रज आहे, आणि इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मुलाला बापाचा दर्जा मिळतो. शिवाय तिचा बाप्तिस्मा झाला आहे, आणि ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवता येत नाही. १६५६ मध्ये ती जिंकली.

सहाच वर्षांनी, १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधानसभेने कायदा केला, की मूल गुलाम की मोकळं हे आईच्या दर्जावरून ठरेल. पहिलं दार बंद झालं. गुलाम स्त्रीवर मालकाने बळजबरी केली, तरी होणारं मूल मालकाच्या मालमत्तेतच भर घालू लागलं. १६६७ मध्ये दुसरा कायदा आला. बाप्तिस्मा झाला तरी गुलाम गुलामच राहील. दुसरं दारही बंद. १६६९ मध्ये ठरलं, की शिक्षा करताना गुलाम दगावला तर मालकाने खून केला असं मानायचं नाही, कारण स्वतःच्या मालमत्तेचा नाश कुणी मुद्दाम करत नसतो. एका बाईने जिंकलेल्या खटल्यातला एकेक मुद्दा कायदा करून निकामी करण्यात आला. अँथनी जॉन्सनच्या बाबतीतही तेच घडलं. तो मेरिलँडला निघून गेला होता. तो वारल्यावर १६७० मध्ये पंचमंडळाने निकाल दिला, की तो काळा होता म्हणजे परकाच होता, तेव्हा व्हर्जिनियातली त्याची जमीन सरकारजमा करता येईल.

१६७६ मध्ये वसाहतीच्या गव्हर्नरविरुद्ध नॅथॅनिएल बेकनने केलेल्या बंडात राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. त्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले. शेवटपर्यंत शस्त्रं खाली न ठेवणाऱ्या एका टोळीत सुमारे ८० काळे आणि २० इंग्रज होते. एडमंड मॉर्गन यांनी १९७५ मध्ये याच बंडावर बोट ठेवलं. गरीब गोरा आणि काळा गुलाम एकत्र आले, तर आपली धडगत नाही, हे मळेवाल्यांनी ओळखलं, असं त्यांचं म्हणणं. १६९१ च्या कायद्याने गोऱ्यांची काळ्यांशी आणि मूळ रहिवाशांशी होणारी लग्नं बेकायदा ठरवली. १७०५ च्या संहितेत तर हिशेब उघडच मांडलेला आहे. गोऱ्या नोकराची मुदत संपली, की मालकाने त्याला मका, रोख पैसे आणि बंदूक द्यावी. गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडं करून फटके मारू नयेत. आणि गुलामांनी राखलेली गुरं, घोडे, डुकरं जप्त करून विकावीत आणि तो पैसा चर्चच्या हद्दीतल्या गरिबांसाठी वापरावा. काळ्याच्या गोठ्यातली गाय सोडून नेऊन तिच्या पैशावर गरीब गोऱ्याला आपलंसं करणारा हा कायदा होता.

मॉर्गन यांच्या मांडणीलाही हरकती आल्या. इंग्लंडहून येणारे नोकरच कमी झाले होते, गुलामांचा व्यापार वाढला होता, त्यामुळे बंड झालं नसतं तरी मळे आफ्रिकी मजुरांकडे वळलेच असते, असं काहींनी आकडे मांडून सांगितलं. बार्बरा फील्ड्स यांनी १९९० मध्ये आणखी मूलभूत मुद्दा काढला. ‘वंशामुळे असं घडलं’ असं म्हणणं म्हणजे कारणाच्या जागी परिणाम ठेवणं. वंश ही निसर्गात पडलेली वस्तू नाही. रोजच्या व्यवहारातून, कायद्यातून, मजुरीतून ती कल्पना माणसं पुन्हा पुन्हा घडवत राहतात, तेव्हाच ती टिकते.

अठराव्या शतकात विद्वानांनी या कल्पनेला शास्त्राचा अंगरखा चढवला. औरंगजेबाच्या काळात मुघल दरबारात राहिलेल्या फ्रँस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने १६८४ मध्येच पृथ्वीवरच्या माणसांची शरीरावरून विभागणी केली होती. भारतीयांचा रंग उन्हामुळे आहे, असं म्हणून त्याने त्यांना युरोपीयांच्या गटात घातलं होतं. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये माणसाचे चार प्रकार केले आणि त्यांना स्वभावही चिकटवले. शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने १७९५ मध्ये ‘कॉकेशियन’ ही संज्ञा रूढ केली. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टनने १८३९ मध्ये कवट्यांचं आकारमान मोजून वंशांची उतरंड लावली. गुलाम ठेवणाऱ्यांना जे पुरावे हवे होते, ते आता पुस्तकांतून मिळू लागले.

हे शास्त्र कायद्याला सोयीचं असेपर्यंतच चालत असे, याचा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दिला. तिथे १७९० पासून बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ माणसालाच नागरिकत्व मिळत असे, १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळू लागलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद न्यायालयापुढे आले. मानववंशशास्त्राप्रमाणे पंजाबी माणूस कॉकेशियन ठरतो, हे त्यांचं म्हणणं. त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी या वेळी लिहिलं, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर अनेक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती पाळी आली. पण ते चिवटपणे लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात स्वतःचं नागरिकत्व टिकवून बाहेर पडले.

नाझींचीही गोष्ट अशीच. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांना ज्यूंचं ‘रक्त’ ओळखायचं होतं, पण रक्तात तसं काही सापडत नाही. म्हणून आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार जण ज्यू धर्मसमाजाचे होते का, ते पाहायचं ठरलं. वंशाचा पुरावा अखेर धर्माच्या नोंदवह्यांतून काढावा लागला.

भारतात हा खेळ १९०१ च्या जनगणनेत आला. जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचं म्हणणं, की जात ही मुळात वंशाची भानगड आहे आणि नाकाच्या मापावरून जातीचा दर्जा सांगता येतो. या मांडणीची चिरफाड केली ती मालवणात जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शरीरमापांचे आकडे प्रांतवार ताडून दाखवलं, की जातीची उतरंड आणि शरीराची ठेवण यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानाबाहेर बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच जातीचा वांशिक सिद्धान्त नाकारला होता. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचा वंश एकच आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना त्यांनी शरीरमापांचा आधार घेऊन तोच मुद्दा पक्का केला.

जात म्हणजे वंश नव्हे, पण दोन्हींचं दुःख एकमेकांना कळतं, हे महाराष्ट्राला फार आधी उमगलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. २००१ मध्ये डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत जात हा विषय घ्यावा की नाही, यावर भारत सरकार आणि दलित संघटना समोरासमोर आले. तिथेही प्रश्न व्याख्येचाच होता. फ्रेडरिक्सन यांची कसोटी लावली, तर वेगळेपण जन्माचं, न पुसणारं, आणि त्यावर सत्तेचं बळ, या दोन्ही गोष्टी जातीत आहेतच. वंशाची भाषा मात्र तीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००२ मध्ये जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश असल्याचं नमूद केलं.

इतक्या साऱ्या कागदांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. लोकांच्या मनात पूर्वग्रह जुना असू शकतो, पण वंशवाद नावाची व्यवस्था ठरावीक लोकांनी, ठरावीक वर्षी, ठरावीक फायद्यासाठी उभी केली. मलिक अंबर दख्खनचा कारभार हाकत होता, त्याच काळात, १६१९ मध्ये, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर विसेक आफ्रिकी माणसं उतरवली गेली. शंभर वर्षांच्या आत तिथे काळ्या रंगाचा अर्थ गुलाम असा झाला. आज पुण्या-मुंबईत शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना भाड्याची खोली मिळवताना रंगावरून नकार ऐकावा लागतो, ईशान्य भारतातल्या मुलामुलींना चेहऱ्यावरून हाका मारल्या जातात, तेव्हा ‘हे असंच चालत आलंय’ असं म्हणणाऱ्याला वाचकांनी दख्खनचा इतिहास सांगावा, आणि ती खोली त्या विद्यार्थ्याला द्यावी.